पिकअपवर कॅम्पर आणि मागे जड ट्रेलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिकअपच्या हौद्यात कॅम्पर (उचलून ठेवता येणारी राहण्याची खोली) बसवायचा आणि मागे बोट, घोडे, गाडी किंवा अवजारांचा ट्रेलरही लावायचा, हा मुख्यतः अमेरिका-कॅनडातला प्रकार. तिथले स्टिकर, वजनकाटे आणि हिचवरचे (ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडणीवरचे) शिक्के पौंड-इंचांत असतात, म्हणून इथेही तीच मापे ठेवली आहेत.

माझ्या पिकअपची टोइंग क्षमता १८,००० पौंड आहे. मग कॅम्पर असताना ९,००० पौंडांचा ट्रेलर लावायला हरकत काय?

तो १८,००० चा आकडा जवळजवळ रिकाम्या पिकअपचा आहे. कंपन्या ज्या एसएई (वाहन-अभियंत्यांची संस्था) जे२८०७ मानकाने टोइंग क्षमता ठरवतात, त्यात पुढे प्रत्येकी १५० पौंडांची दोन माणसे धरलेली असतात. हौद्यात ४,००० पौंडांची खोली धरलेली नसते.

आणि अडचण बहुधा ओढण्याची नसतेच. आजची डिझेल इंजिने हे ओझे सहज ओढतात. कमी पडते ते पेलणे: मागचा एक्सल, मागचे टायर आणि हिच. इंजिन कुरकुरत नाही म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते आणि नेमकी तिथेच फसगत होते.

मग कोणते आकडे बघायचे?

पाच. त्यांतला जो सगळ्यात आधी संपेल, ती तुमची खरी मर्यादा.

पहिला जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे माणसे, इंधन, कॅम्पर आणि ट्रेलरच्या जिभेचे, म्हणजे त्याच्या पुढच्या जोडदांड्याचे, पिकअपवर येणारे वजन (टंग वेट) धरून पिकअपचे कमाल वजन. दुसरा जीएडब्ल्यूआर, म्हणजे एकेका एक्सलची मर्यादा. मागच्या एक्सलचा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. हे दोन्ही चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतात. तिसरा जीसीडब्ल्यूआर, म्हणजे पिकअप आणि ट्रेलर मिळून कमाल वजन. हा स्टिकरवर बहुधा नसतो, कंपनीच्या टोइंग पुस्तिकेत इंजिन आणि एक्सल रेशोप्रमाणे शोधावा लागतो. चौथा टायरच्या भिंतीवरचा भार. पाचवा हिचवरचा शिक्का. त्यावर एकूण वजन आणि टंग वेट असे दोन आकडे असतात, आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिचसाठी (ताणलेल्या दांड्यांनी वजन इतर एक्सलवर वाटणारी हिच) व त्याशिवाय अशा दोन जोड्या असतात. दुकानात सांगितला जातो तो मोठ्या जोडीतला आकडा.

एकदा हिशोब मांडून दाखवता का?

मागे चार चाके असलेली ड्युअली घेऊ. आकडे उदाहरणाचे आहेत, पण अशा गाड्यांचे वजन याच घरात असते.

जीव्हीडब्ल्यूआर १४,०००, मागच्या एक्सलची मर्यादा ९,७५०, जीसीडब्ल्यूआर ३०,०००. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधले अंतर) १७६ इंच. दोन माणसे आणि भरलेली टाकी धरून पिकअप ८,२०० पौंड: पुढे ४,८००, मागे ३,४००. कॅम्पर पाणी, गॅस आणि सामानासकट ४,२००. त्याचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या ६ इंच पुढे. ट्रेलर ९,००० पौंड, टंग वेट १,०००. कॅम्पर मागे बराच बाहेर येतो म्हणून १२० पौंडांचे हिच एक्स्टेन्शन (हिच मागे लांबवणारा दांडा), आणि त्यामुळे बॉल, म्हणजे ट्रेलर ज्यावर बसतो तो गोळा, मागच्या एक्सलपासून ८६ इंचांवर.

कॅम्परचे ४,२०० पौंड जवळजवळ सगळे मागच्या एक्सलवर येतात: ४,०५७ मागे, १४३ पुढे. टंग वेटचे मात्र तसे नाही. बॉल एक्सलच्या मागे लटकलेला असल्याने तरफेचा नियम लागतो. १,००० गुणिले ८६ भागिले १७६, म्हणजे ४८९ पौंड पुढच्या एक्सलवरून उचलले जातात आणि तेही मागे येऊन बसतात. मागच्या एक्सलला १,००० नव्हे, १,४८९ पौंड सोसावे लागतात. एक्स्टेन्शनच्या १२० पौंडांचे याच न्यायाने १६४ होतात.

मागच्या एक्सलची बेरीज ३,४०० + ४,०५७ + १,४८९ + १६४ = ९,११०. पुढे ४,४१०. पिकअप एकूण १३,५२०, ट्रेलरसकट २१,५२०. सगळे मर्यादेत. पण कुठे किती जागा उरली ते पाहा. एकत्र वजनात साडेआठ हजार पौंड शिल्लक आहेत, मागच्या एक्सलवर फक्त ६४०. ट्रेलरमध्ये सामान पुढे सरकले आणि टंग वेट १५ टक्के म्हणजे १,३५० झाले, तर मागचा एक्सल ९,६३१ वर आणि पूर्ण पिकअप १३,८७० वर जातो. मग शंभर-सव्वाशे पौंडांची फट उरते. कॅम्परच्या मागच्या कपाटात दोन पेट्या ठेवल्या की तीही संपली.

एक्स्टेन्शन नसते आणि बॉल एक्सलपासून ५० इंचांवर असता, तर तेच १,००० पौंड मागे १,२८४ झाले असते. एक्स्टेन्शनने ट्रेलरचे वजन एका पौंडानेही वाढलेले नाही, तरी मागच्या एक्सलने दोनशे पौंड जास्त उचलले.

मागे दोनच चाके असलेल्या वनटन (हे वर्गाचे नाव, खरी क्षमता नव्हे) पिकअपवर हे जमेल का?

मोठा कॅम्पर आणि जड ट्रेलर, दोन्ही एकदम? नाही. ११,५०० पौंड जीव्हीडब्ल्यूआरची, माणसांसकट ७,६०० भरणारी पिकअप घ्या. ४,२०० चा कॅम्पर ठेवला की ११,८०० झाले. ट्रेलर अजून घरीच आहे.

हलका, मागे बाहेर न येणारा पॉप-अप कॅम्पर (छत वर उचलता येणारा, भरून २,४०० पौंडांच्या आसपास) आणि ६,००० पौंडांचा ट्रेलर अशी जोडी बसू शकते, कारण तिथे लांब एक्स्टेन्शन लागत नाही. तरी काट्यावर घ्यायलाच हवी. पाऊणटन पिकअपवर हलक्या कॅम्परनेच जागा संपते. मागे छोटी बोट किंवा मोटारसायकलचा ट्रेलर यापुढे जाऊ नये.

कॅम्परच्या माहितीपत्रकात २,९०० पौंड लिहिले आहे. तोच आकडा धरायचा का?

तो कोरडा, रिकामा आकडा आहे. एसी, जनरेटर, सावलीचे छत, दुसरी बॅटरी, सौर पॅनेल या गोष्टी अनेकदा त्यात नसतात. पाणी गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी ३३४ पौंड. २० पौंडी गॅस सिलिंडर भरून साधारण ३७ पौंड, आणि ते बहुधा दोन असतात. मग भांडी, अन्न, कपडे, अवजारे, खुर्च्या. माहितीपत्रकातल्या आकड्यात हजार पौंड मिळवून सुरुवात करा आणि खरे काय ते काट्यावर बघा.

वजनाइतकीच त्याची जागाही महत्त्वाची. कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते आणि पिकअपबरोबर एक तक्ता मिळतो, त्यात हा मध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत चालेल ते दाखवलेले असते. अमेरिकेत हा तक्ता देणे निर्मात्यांवर बंधनकारक आहे, तरी तो ग्लोव्ह बॉक्सबाहेर क्वचितच येतो. खूण मागच्या एक्सलच्या थोडी पुढे किंवा फार तर बरोबर वर यावी. मागे पडत असेल तर कॅम्पर स्वतःच पुढची चाके उचलू लागतो आणि ट्रेलर त्यात भर घालतो.

सांडपाण्याच्या टाक्यांकडेही लक्ष असू द्या. निघताना ताजे पाणी एक्सलच्या पुढे असते. चार दिवसांनी तेच पाणी मागच्या टाकीत गेलेले असते. एकूण वजन तेच, तोल वेगळा. लांबच्या टप्प्याआधी टाक्या रिकाम्या करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वजन कुठे आणि कसे करायचे?

महामार्गावरच्या मोठ्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. त्यांचे पट्टे वेगवेगळे असल्यामुळे पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर यांचे आकडे एकाच पावतीवर वेगवेगळे मिळतात. पुढची चाके पहिल्या पट्ट्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर.

तीन पावत्या घ्या: नुसती पिकअप, कॅम्परसह पिकअप, आणि सगळी जोडणी. दुसरी आणि तिसरी एकाच दिवशी, तेवढेच इंधन असताना. तिसऱ्या पावतीतल्या पिकअपच्या दोन्ही एक्सलच्या बेरजेतून दुसरीतली बेरीज वजा केली की खरे टंग वेट हाती येते (वेट डिस्ट्रिब्यूशनचे दांडे सैल ठेवून, ते ताणलेले असतील तर काही वजन ट्रेलरच्या चाकांवर जाते आणि हिशोब फसतो). ते ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के हवे. १० च्या खाली गेले तर ट्रेलर झुलतो. एक्सलवरचा भार कमी करण्यासाठी ट्रेलरमधले सामान मागे ढकलून टंग वेट पाडायचे, ही युक्ती करू नका. टंग वेट झेपत नसेल तर ट्रेलरच हलका करायला हवा.

हिच एक्स्टेन्शन किती लांब घ्यायचे?

कॅम्परच्या तळाची लांबी ११ फूट ६ इंच, म्हणजे १३८ इंच. आठ फुटी हौदा साधारण ९८ इंच. कॅम्पर हौद्याबाहेर ४० इंच येतो. त्याखालून बॉल बाहेर काढायचा तर एक्स्टेन्शन लागणारच.

अंदाजाने मागवू नका. कॅम्पर चढवून, पिकअप सपाट जागी उभी करून, रिसीव्हरच्या (पिकअपला धरलेल्या हिचच्या चौकोनी तोंडाच्या) पिनच्या भोकाच्या मध्यापासून कॅम्परच्या सर्वांत मागच्या भागापर्यंत मोजा. सर्वांत मागचा भाग म्हणजे भिंत नव्हे: शिडी, बंपर, पायऱ्या, सुटे चाक, जे काही असेल ते. त्यात ट्रेलरचा जॅक वळणावर फिरायला लागणारी जागा मिळवा आणि बॉल माउंटची (बॉल धरणाऱ्या दांड्याची) स्वतःची लांबी वजा करा. पायऱ्या उघडल्यावर एक्स्टेन्शनवर आपटतात का, तेही याच वेळी बघा.

गरजेपेक्षा सहा इंच जास्त घेतले तर ‘असू दे’ म्हणण्यासारखी ही वस्तू नाही. प्रत्येक इंच तरफेत भर घालतो. उंचीही आधीच ठरवा. कॅम्पर बसल्यावर पिकअप किती खाली आली ते मोजून मगच बॉल माउंटची उतरण निवडा, म्हणजे ट्रेलर समपातळीत राहील.

साधे चौकोनी नळीचे एक्स्टेन्शन स्वस्तात मिळते. ते का नको?

हिचच्या तोंडाशी येणारा वाक-जोर पाहा. १,००० पौंड टंग वेट १० इंचांच्या बॉल माउंटवर असेल तर तो जोर साधारण ८३३ फूट-पौंड. तेच वजन ३६ इंचांवर गेले की ३,००० फूट-पौंड. हा उभ्या गाडीचा हिशोब झाला. पुलाच्या सांध्यावर गाडी उसळली की क्षणभर याच्या कितीतरी पट येतो, आणि दिवसातून शेकडो वेळा येतो.

म्हणूनच बहुतेक साध्या एक्स्टेन्शनबरोबरच्या सूचनेत हिचची क्षमता अर्धी धरायला सांगितलेली असते. १०,००० ची हिच ५,००० ची झाली, आणि टंग वेटही अर्धे. नळी तुटण्याआधी बहुधा रिसीव्हरच्या तोंडाची वेल्ड आणि ती जिथे चेसिसला बोल्टने धरली आहे ती जागा चिरते. ही चीर आधी रंगावर केसासारखी रेघ म्हणून दिसते, मग तिच्यातून गंज झिरपतो.

जड कामासाठी एकावर एक दोन रिसीव्हर असलेली हिच आणि त्या दोन्हींत घुसणारे जाळीदार एक्स्टेन्शन लागते. टॉर्कलिफ्टची सुपरहिच आणि तिचे सुपरट्रस एक्स्टेन्शन ही त्याची ओळखीची जोडी. वरची नळी ताण घेते, खालची दाब घेते, आणि एकाच नळीला मुरडण्याचे काम राहत नाही. तरीही लांबीप्रमाणे क्षमता बदलते. ज्या लांबीचे घेणार, त्याच लांबीचा आकडा उत्पादकाच्या तक्त्यात बघा.

अडीच इंची रिसीव्हरमध्ये दोन इंची एक्स्टेन्शन बसवायला बाही घातली की थोडा खडखडाट राहतो. बॉल माउंटला तो चालून जातो, चार फूट लांब दांड्याला चालत नाही. टोकाशी तोच खेळ कितीतरी मोठा होतो आणि ट्रेलर झुलायला निमित्त मिळते.

वळताना ट्रेलर कॅम्परला घासेल का?

हे ट्रेलरच्या जिभेच्या लांबीवर ठरते. बॉलपासून ट्रेलरच्या पुढच्या भिंतीपर्यंतचे अंतर मोजा. ते कॅम्परच्या निम्म्या रुंदीपेक्षा जास्त असेल, तर काटकोनापर्यंतच्या वळणात भिंत कॅम्परच्या कोपऱ्याला लागत नाही. आठ फूट रुंद कॅम्परची निम्मी रुंदी ४८ इंच, म्हणजे ५० इंची जीभ असलेला ट्रेलर सुरक्षित.

जीभ ३६ इंचांचीच आणि बॉल कॅम्परच्या मागे १२ इंचांवर असेल, तर साधारण ६० अंशांवरच टक्कर होते. सरळ चालताना हे कधीच कळत नाही. पेट्रोल पंपावर किंवा कॅम्पच्या जागेत मागे घेताना कळते, तेही आवाजाने. इथे एक्स्टेन्शन लांबवण्यापेक्षा ट्रेलरची जीभ वेल्डिंगच्या चांगल्या कारागिराकडून वाढवून घेणे शहाणपणाचे. एक्सलमागची तरफ वाढत नाही आणि ट्रेलर मागे घेणेही सोपे होते.

जिभेवरचा जॅक, गॅसच्या टाक्या, बॅटरीची पेटी यांची उंची वेगळी तपासा. भिंत चुकते, जॅकचा दांडा सापडतो. मोकळ्या मैदानात दुसऱ्या माणसाला बाहेर उभे करून दोन्ही बाजूंना हळूहळू पूर्ण वळून पाहा आणि कुठल्या कोनाला थांबायचे याची खूण आरशात लक्षात ठेवा.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच एक्स्टेन्शनबरोबर चालते का?

चालते, पण हिच आणि एक्स्टेन्शन दोन्हींवर तसा स्पष्ट आकडा हवा, कारण दांड्यांचा सगळा पीळ एक्स्टेन्शनमधूनच पुढे जातो. आकडा नसेल तर लावू नका.

फायदा खरा आहे. वरच्या उदाहरणात पुढच्या एक्सलवरून पाचशेच्या वर पौंड उचलले गेले होते. त्यांतले काही परत पुढे येतात, काही ट्रेलरच्या चाकांवर जातात. बसवताना पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजा: कॅम्परसह पण ट्रेलर न जोडता, ट्रेलर जोडून दांडे सैल असताना, आणि दांडे ताणल्यावर. किती उंची परत आणायची ते पिकअपच्या मॅन्युअलमध्ये असते. काही कंपन्या पूर्ण, काही निम्मी सांगतात. जास्त ताणले तर मागची चाके हलकी पडतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात.

फिफ्थ व्हील किंवा गूजनेक ट्रेलर?

नाही. त्याची हिच हौद्यात, एक्सलच्या वर असते आणि तिथे कॅम्पर आहे.

सुरक्षेच्या साखळ्या कशा लावायच्या? त्या तर पोहोचतच नाहीत.

ट्रेलरबरोबरच्या साखळ्या एक्स्टेन्शनची लांबी धरून केलेल्या नसतात. म्हणून अनेकजण त्या एक्स्टेन्शनच्याच कडीला अडकवतात. मग एक्स्टेन्शन निसटले की साखळ्याही त्याच्याबरोबर गेल्या. एक्स्टेन्शन दगा देईल तेव्हाच त्यांची खरी गरज असते, म्हणून त्या पिकअपच्या हिचला किंवा चेसिसलाच अडकवायच्या. कमी पडतील तिथे त्याच किंवा वरच्या ताकदीच्या साखळीचा तुकडा, शिक्का असलेल्या जोडकडीने. ३/८ इंची ग्रेड ७० साखळीचा कामाचा भार ६,६०० पौंड असतो. हार्डवेअरच्या दुकानातली चकचकीत, बिनशिक्क्याची कडी इथे नको.

जिभेखाली फुली करून बांधा, म्हणजे कपलर (बॉलवर बसणारे जिभेचे टोक) सुटला तरी जीभ फुलीत पडेल. वळायला पुरेशी ढील हवी, पण जमिनीला घासेल इतकी नाही. एक्स्टेन्शनमुळे लोंबती लांबी वाढते; मध्ये आधाराला रबरी पट्टा लावला तर चालतो.

ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा स्विच) दोरीही पिकअपच्या चेसिसला, साखळीला नाही आणि एक्स्टेन्शनच्या पिनला तर मुळीच नाही. वळताना ती ओढली जाऊ नये, पण ट्रेलर सुटला तर नक्की ओढली जावी, इतकी लांब. महिन्यातून एकदा पिन काढून ट्रेलरची चाके अडतात का बघा. ब्रेकअवेची छोटी बॅटरी मेलेली सापडणे ही नित्याची बाब आहे.

वायरिंग कसे करायचे? मागच्या सॉकेटमध्ये कॅम्परच लावलेला आहे.

कॅम्परला दिव्यांसाठी आणि बॅटरी चार्जसाठी जोडणी लागते, ट्रेलरला सात-पिनी सॉकेट लागते. फिफ्थ व्हीलची तयारी असलेल्या पिकअपमध्ये हौद्यात दुसरे सात-पिनी सॉकेट आधीच असते. कॅम्पर तिथे लावा आणि मागचे सॉकेट ट्रेलरला मोकळे ठेवा. ते नसेल तर हौद्यात वेगळे सॉकेट बसवून घ्या. एका सॉकेटला फाटा काढून दोन्ही चालवले तर दोघांच्या बॅटऱ्या एकाच चार्ज वायरवर येतात आणि फ्यूज उडत राहतो.

सॉकेटपासून ट्रेलरपर्यंत लांबीला वायर कमी पडते, म्हणून सात-पिनी एक्स्टेन्शन केबल लागते. ब्रेक, ग्राउंड आणि चार्ज या तीन वायर किमान १२ गेजच्या हव्यात. ट्रेलरच्या प्रत्येक इलेक्ट्रिक ब्रेकला साधारण ३ अँपिअर लागतात. दोन एक्सलला १२-१३ अँपिअर. एवढ्या प्रवाहाला पाच फूट १२ गेज वायरमध्ये पडणारे व्होल्टेज किरकोळ, ०.२ च्या आसपास. खरा चोर सांधा असतो. केबल वाढवली की प्लगची आणखी एक जोडी वाढते, ती चाकांनी उडवलेल्या चिखलात लोंबते आणि तिची पाने हिरवी पडतात. ब्रेक हळूहळू मऊ होतात आणि दोष ब्रेक शूजवर येतो. प्लग वर बांधा, तोंड खाली ठेवा, पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

रंगांवर विश्वास ठेवून वायर जोडू नका. आरव्हीच्या (राहण्याच्या गाड्यांच्या) प्रथेत हिरवी वायर मागच्या दिव्यांची आणि तपकिरी उजव्या इंडिकेटरची; साध्या ट्रेलरच्या प्रथेत नेमके उलट, तपकिरी दिव्यांची आणि हिरवी उजव्या इंडिकेटरची. टेस्टर लावून पिनेपिनेला खात्री करा.

ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर ठरवणारे केबिनमधले यंत्र) किती ठेवायचा?

सपाट, कोरडी, मोकळी जागा. ताशी २०-२५ मैल वेग. फक्त हाताचा लिव्हर दाबा. ट्रेलरची चाके अडू लागतील तिथपर्यंत गेन (ब्रेकचा जोर) वाढवा, मग जरा मागे घ्या. रिकाम्या ट्रेलरवर ठरवलेला गेन भरलेल्याला कमी पडतो, म्हणून भार बदलला की पुन्हा करा. ठरलेल्या वेळेच्या हिशोबाने ब्रेक देणाऱ्या कंट्रोलरपेक्षा पिकअपच्या मंदावण्याच्या प्रमाणात ब्रेक देणारा घ्या. कॅम्परमुळे पिकअपच्या स्वतःच्या ब्रेकवर आधीच मोठा भार आहे. ट्रेलरने स्वतःचे थांबणे स्वतः बघितले पाहिजे.

मागच्या स्प्रिंगना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअरबॅग) टाकल्या की क्षमता वाढते ना?

नाही. गाडी सरळ दिसू लागते, एवढेच. एक्सल, बेअरिंग, चाके, टायर, ब्रेक तेच राहतात आणि स्टिकरवरचा आकडाही तोच राहतो. मर्यादेच्या आत असताना मात्र या वस्तू उपयोगी आहेत. कॅम्पर उंच असल्यामुळे पिकअप आडवी डुलते. त्यावर मागचा जाड अँटी-रोल बार आणि जड शॉक ॲब्सॉर्बर यांचा परिणाम एअरबॅगपेक्षा जास्त जाणवतो. स्प्रिंगच्या पाट्यांमधली फट भरून वरचा ओव्हरलोड पाटा लवकर कामाला लावणारे ठोकळेही चांगले. दोन्ही एअरबॅगना एकच हवेची नळी असेल तर वळणावर हवा एकीतून दुसरीत जाते आणि डुलणे वाढते; प्रत्येकीला स्वतंत्र नळी ठेवा.

कॅम्परच्या टाय-डाउनच्या (कॅम्पर पिकअपला बांधणाऱ्या ताणांच्या) कड्या चेसिसला धरलेल्या असाव्यात, हौद्याच्या पत्र्याला नाही. पहिल्या ५० मैलांनंतर त्या पुन्हा ताणाव्या लागतात, कारण कॅम्पर तोवर रबरी चटईवर बसतो.

टायरचे काय?

एलटी२४५/७५आर१७, लोड रेंज ई टायर घ्या. एकटा असताना ८० पीएसआयला ३,१९५ पौंड, जोडीत असताना २,९१०. जोडीत आकडा कमी, कारण दोन टायरवर भार कधीच अगदी सारखा पडत नाही. ड्युअलीच्या चार मागच्या टायरची बेरीज ११,६४०. वरच्या उदाहरणातल्या ९,११० ला पुरेशी. आतल्या टायरची हवा बघायला कंटाळा येतो आणि तोच आधी बसतो. मग शेजारचा दुप्पट भार घेऊन तापतो. वाढीव व्हॉल्व्ह बसवून घ्या.

बऱ्याच ट्रेलर टायरची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते. ती तशी ठेवलेली आहे याला कारण आहे.

ट्रेलर झुलायला लागला तर?

पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताच्या लिव्हरने हलकेच द्या. पिकअपचा ब्रेक जोरात दाबू नका, वेग वाढवून सरळ करू पाहू नका, प्रत्येक हेलकाव्याला स्टिअरिंगने उत्तर देऊ नका.

नंतर थांबून कारण शोधा. बहुधा टंग वेट कमी असते किंवा वेग जास्त. एक्स्टेन्शन असताना हे जास्त होते, कारण बॉल ५० ऐवजी ८६ इंचांवर गेला की ट्रेलरच्या त्याच बाजूच्या धक्क्याला पिकअप फिरवायला १.७ पट मोठा दांडा मिळतो. शेजारून मोठा ट्रक गेला की उंच कॅम्परवर हवेचा दाब येतो तो वेगळाच.

घाटात?

चढावर टो-हॉल मोड (जड ओढकामाचे गिअरचे सेटिंग) आणि तापमानावर डोळा. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन दर १,००० फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावते. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, तिथे एक तृतीयांश ताकद उरलेलीच नसते. उतारावर माथ्यावरच खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक लावा. वेग वाढल्यावर गिअर पाडू म्हटले तर उशीर होतो. ब्रेक सतत घासत ठेवू नका. थोडा वेळ नीट दाबून वेग पाडा आणि सोडून थंड होऊ द्या.

कायद्याचे काय बघायचे?

राज्याराज्यात फरक आहे, म्हणून जिथून जाणार त्या प्रत्येक राज्याचे नियम बघा: एकूण लांबी, ट्रेलरच्या ब्रेकची सक्ती कुठल्या वजनापासून, परवान्याचा वर्ग, वेग. बहुतेक राज्यांत ३,००० पौंडांच्या पुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात; टेक्ससमध्ये ती रेषा ४,५०० वर आहे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कमाल वेग ताशी ५५ मैल, जोडणीची लांबी साधारणतः ६५ फुटांपर्यंत, आणि साध्या क्लास सी परवान्यावर १०,००० पौंडांपेक्षा जड ट्रॅव्हल ट्रेलर ओढता येत नाही. लांबी मोजताना एक्स्टेन्शनही मोजा.

कॅम्परचे दार मागे आहे. ट्रेलर लावल्यावर आत कसे जायचे?

जिभेवर चढून बाजूने. सोयीचे नाही. काहीजण एक्स्टेन्शनवर पत्र्याची पायवाट बसवतात. तिचे वजनही एक्सलमागेच येते. ट्रेलर कायमचा ओढायचा असेल तर कॅम्पर घेतानाच बाजूच्या दाराचा घ्या.

थांबलो की काय तपासायचे?

हब आणि टायर हाताने चाचपून बघा. एखादेच चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरला आहे. एक्स्टेन्शनच्या पिना आणि त्यांच्या क्लिपा. रिसीव्हरच्या वेल्डजवळ रंगावर नवी रेघ. कपलरची कडी. साखळीचा खालचा दुवा चकाकतोय का, म्हणजे तो रस्त्याला घासतोय. टाय-डाउन. प्लग पूर्ण बसलेला आहे का. पहिल्या १०० मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळा, विशेषतः ड्युअलीच्या मागच्या चाकांचे. बॉलच्या दांड्याचा नटही तसाच तपासा: सव्वा इंची दांड्याला सुमारे ४५० फूट-पौंड लागतात. तेवढे घरच्या पान्याने होत नाही, म्हणून तो निघण्याआधीच कार्यशाळेत आवळून घ्यायचा आणि नट व दांडा दोन्हींवर एकच रंगाची रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.